विहिरीवर जुनीच राहू दे, मागावर नवी लाव

प्रश्न: अक्का, मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, इलेक्ट्रॉनिक्सला. घर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकले. माझ्याकडं तीन रास्पबेरी पाय पिको (प्रोग्राम करता येणारे लहान चिप-बोर्ड) आहेत. एक विहिरीवर लावलीय. पाण्यात असेपर्यंत फ्लोट स्विच जोडलेला राहतो आणि पिनला ३.३ व्होल्ट मिळतात. पाणी खाली गेलं की स्विच उघडतो, आतल्या पुल-डाऊननं (पिनला शून्याकडं ओढणाऱ्या रेझिस्टरनं) पिन शून्यावर येते आणि मोटर बंद होते. दुसरी पावसाचं माप घ्यायला ठेवलीय, पण तीन सेल आठवडाभरसुद्धा टिकत नाहीत. तिसरी वडगावात मामांच्या पावरलूमवर लावून बेअरिंग जायच्या आधी कळतं का ते बघायचंय. कॉलेजातला एक मुलगा म्हणतो, पिको २ आली, जुनी आता भंगार. आप्पा म्हणतात, चाललंय ते चालू दे. शिलाईकामातून माझे अडीच हजार रुपये साठलेत. जुन्या तिन्ही विकून पाच नव्या घेऊ का? नव्यात वायफायची रेंज वाढते का? आणि गणपतीत गल्लीच्या मंडपाला लायटिंग करायचंय, त्याला कुठली घेऊ? डेटाशीट (चिपची माहिती-पुस्तिका) इंग्रजीत आहे, ती वाचायला भीती वाटते.
— एक वाचक, ता. खानापूर

उत्तर:

दोन नव्या घे. जुनी एकही विकू नकोस. विहिरीवरची पिको तर बदलूच नकोस. तू चार कामं सांगितलीस, आणि चारही कामांना चिपकडून वेगवेगळ्या गोष्टी लागतात. त्यामुळं ‘नवी चांगली की जुनी’ याचं उत्तर विहिरीवर एक आहे आणि मामांच्या मागावर दुसरं.

आधी नावातलंच गणित सांगते. तुझ्या पिकोवर जी चिप आहे तिचं नाव आरपी२०४०. पिको २ वर आहे ती आरपी२३५०. हे आकडे नुसते मॉडेल नंबर नाहीत. पहिला २ म्हणजे आत दोन प्रोसेसर. दुसरा आकडा प्रोसेसरची जात सांगतो: जुन्यात ० म्हणजे कॉर्टेक्स-एम०प्लस, नव्यात ३ म्हणजे कॉर्टेक्स-एम३३. तिसरा आकडा रॅमचा: १६ केबी किती वेळा दुप्पट केली ते. जुन्यात चार वेळा, म्हणजे २६४ केबीच्या आसपास. नव्यात पाच वेळा, म्हणजे ५२०. शेवटचं शून्य म्हणजे चिपच्या आत फ्लॅश (प्रोग्राम साठवायची मेमरी) नाही, ती बोर्डावर वेगळी बसवलेली असते. जुन्या पिकोवर २ एमबी, पिको २ वर ४ एमबी. घड्याळ १३३ मेगाहर्ट्झवरून १५० वर गेलंय. बघ, वेगात फार मोठी उडी नाही. खरा फरक त्या ० आणि ३ मध्ये आहे, आणि आणखी एका गोष्टीत, जी नावात येत नाही: काम नसताना वीज वाचवणारी झोप. या दोन्हींकडं मी पुढं येतेच.

जुनी चिप २०२१ च्या जानेवारीत आली, नवी २०२४ च्या ऑगस्टमध्ये. कंपनीनं जुनी चिप किमान जानेवारी २०४१ पर्यंत बनवत राहू असं जाहीर केलंय. म्हणजे तू शिकून, नोकरीला लागून, तुझी स्वतःची पोरं शाळेत जायला लागेपर्यंत ती मिळत राहील. भंगार हा शब्द तिला लागू होत नाही.

आता विहिरीकडं येऊ. इथं मी जास्त बोलणार आहे, कारण तुझ्या पत्रातल्या एका वाक्यानं मला काळजी वाटली. फ्लोट स्विच ३.३ व्होल्ट आणि पिन यांच्यामध्ये, आणि पिन खाली आणायला चिपचा आतला पुल-डाऊन. जुन्या पिकोवर ही जोडणी ठीक चालते. पण समज, तू तीच पिको उचललीस आणि तिच्या जागी पिको २ बसवलीस. आकार तोच, ५१ बाय २१ मिलिमीटर. चाळीस पिना त्याच जागी. मायक्रोपायथनचा (लहान चिपांसाठीच्या पायथन भाषेचा) तुझा प्रोग्रामही बहुतेक जसाच्या तसा चालेल, फक्त पिको २ साठीची मायक्रोपायथनची वेगळी यूएफ२ फाइल आधी बोर्डावर टाकावी लागेल. सगळं बसलं, दिवा लागला, मोटर सुरू झाली. तुला वाटेल काम झालं.

पण आरपी२३५० च्या पहिल्या आवृत्त्यांत एक दोष आहे. कंपनीनं तो स्वतःच्या त्रुटींच्या यादीत ई९ या क्रमांकानं छापलाय. पिन इनपुट म्हणून चालू असताना तिच्यावरचा व्होल्टेज एकदा वर जाऊन परत खाली यायला लागला, की पिनमधूनच सुमारे १२० मायक्रोॲम्पिअर गळती होते आणि ती पिनला साधारण २.२ व्होल्टवर धरून ठेवते. आतला पुल-डाऊन फार नाजूक. त्याला ती गळती ओढून खाली नेता येत नाही. म्हणजे फ्लोट उघडला तरी पिन वरच. विहिरीतलं पाणी संपलंय आणि तुझा प्रोग्राम वाचतोय ‘पाणी आहे’. मोटर कोरडी फिरत राहणार. पाच एचपीच्या मोटरीचं वाइंडिंग करायला किती पैसे जातात ते आप्पांना विचार, आणि ऐन उन्हाळ्यात वाइंडिंगवाल्याकडं किती दिवस नंबर लागतो तेही. उसाचं पाणी तुटतं ते वेगळंच.

याला तीन उपाय आहेत. पहिला, बाहेरून ८.२ किलोओहम किंवा त्याहून कमी किमतीचा रेझिस्टर पिन आणि ग्राउंडमध्ये घालायचा. तो गळतीला पुरून उरतो. दुसरा, नवी दुरुस्त आवृत्ती घ्यायची. २०२५ च्या जुलैत कंपनीनं ए४ नावाची आवृत्ती जाहीर केली, तिच्यात हा दोष काढलाय. चिपवरच्या भाग-क्रमांकाचा शेवट बघायचा: ए२ असेल तर जुनी, ए४ असेल तर दुरुस्त. दुकानात अजून ए२ चे बोर्ड पडून असू शकतात, तेव्हा घेताना भिंग घेऊन जा, लाजू नकोस. तिसरा उपाय मला सगळ्यात आवडतो, आणि तो तू जुन्या पिकोवरसुद्धा करावास असं मला वाटतं: जोडणीच उलटी कर. फ्लोट स्विच पिन आणि ग्राउंडमध्ये घाल, आणि आतला पुल-अप (पिनला ३.३ व्होल्टकडं ओढणारा रेझिस्टर) चालू कर. मग पाणी असताना पिन खाली, पाणी नसताना वर. पुल-अपला या दोषाचा त्रास नाही. वायर उंदरानं कुरतडली तरी पिन वर जाते, म्हणजे ‘पाणी नाही’, म्हणजे मोटर बंद. बिघाड झाला तर मोटर थांबायला हवी, हे सूत्र विहिरीवर कधी सोडू नये.

आणि वायर किती लांब आहे ते तू लिहिलं नाहीस. विहिरीपासून खोपीपर्यंत पन्नास-साठ फूट तरी असणार. एवढी लांब तार थेट चिपच्या पिनवर आणणं म्हणजे एप्रिल-मेच्या वळवात विजेला घरात बोलावणं. मध्ये एक ऑप्टोकपलर (तारेची थेट जोडणी तोडून उजेडानं संकेत पुढं देणारा भाग) घाल, पीसी८१७ सारखा. दहा-वीस रुपयांत मिळतो. तारेवर झटका आलाच तर बहुतेक वेळा तो जळेल, पिको वाचेल. ऑप्टोकपलरच्या पिकोकडच्या बाजूलाही पुल-अपच लागतो, त्यामुळं वरची उलटी जोडणी आपोआप जुळते. स्टार्टरच्या कॉइलवर मोटर बंद होताना जो झटका उसळतो, त्यानंही मायक्रोकंट्रोलर अडखळतो. तिथं आरसी स्नबर (झटका शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) लावून घे. पण स्टार्टरच्या पेटीत तू स्वतः हात घालू नकोस. थ्री फेज आहे ते. लायसनवाल्या वायरमनला बोलाव आणि शेजारी उभी राहून बघ.

तर एवढं सगळं करून नव्या चिपनं विहिरीवर काय जास्त मिळालं असतं? काहीच नाही. एक स्विच वाचायचा, एक रिले ओढायचा. १३३ मेगाहर्ट्झचं हे कामच नाही, सोळा मेगाहर्ट्झचा जुना आर्डुइनो उनोही ते करतो. तिथं आप्पांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर.

वायफायचं विचारलंस. नव्यात रेंज वाढत नाही. वायफाय असतं ते पिको डब्ल्यू आणि पिको २ डब्ल्यू या बोर्डांवर, आणि दोन्हींवर वायफायचा भाग एकच आहे, तीच २.४ गिगाहर्ट्झची चिप, तोच छापील अँटेना. प्रोसेसर बदलला म्हणून रेडिओ लांब जात नाही. फरक पडतो तो मेमरीत: मायक्रोपायथनमधून एचटीटीपीएसनं माहिती पाठवायची असेल तर २६४ केबीत जागा कमी पडून प्रोग्राम मेमरी एरर देऊन पडू शकतो, ५२० केबीत श्वास घ्यायला जागा राहते. पण विहीर घरापासून लांब असेल, मधे काजूची झाडं असतील, तर वायफाय विसरच. लोरा बघ, ती थोड्या विजेवर लांब जाणारी रेडिओ पद्धत आहे. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा लायसनशिवाय वापरता येतो. लोराचं मॉड्यूल एसपीआय या चार तारांच्या जोडणीनं जोडतात, जुनी पिको त्याला भरपूर झाली.

आता पाऊस. तुझ्या पत्रातला हा भाग वाचून मला फार बरं वाटलं. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते त्या डोंगराच्या अंगाला तू राहतेस. तिथला पाऊस आणि बेळगाव शहरातला पाऊस यात किती अंतर आहे ते बसनं एकदा जाऊन आलेल्यालाही कळतं. त्या पावसाचं रोजचं, तासातासाचं माप एका गावातल्या मुलीनं स्वतः ठेवणं, ही लहान गोष्ट नाही. दहा वर्षं ठेवलंस तर त्याचा उपयोग तुझ्या गावालाच नव्हे, सगळ्या खोऱ्याला होईल.

तुझे सेल आठवड्यात संपतात कारण तुझा प्रोग्राम झोपतच नाही. मायक्रोपायथनमध्ये ‘स्लीप’ लिहिलं की तुला वाटतं चिप झोपली. प्रत्यक्षात ती डोळे उघडे ठेवून घड्याळ मोजत बसते आणि मिलिॲम्पिअर जाळत राहते. खरी झोप म्हणजे डॉर्मंट: सगळी घड्याळं बंद, फक्त पिनवर काही हाललं की जाग. जुन्या पिकोचा बोर्ड डॉर्मंटमध्ये साधारण ०.८ मिलिॲम्पिअर घेतो. पेन्सिल सेलची क्षमता दोन हजार मिलिॲम्पिअर-तास धर. भागाकार कर: अडीच हजार तास, म्हणजे १०४ दिवस. जून ते सप्टेंबर म्हणजे १२२ दिवस. सप्टेंबरच्या मध्यातच, परतीचा पाऊस सुरू व्हायच्या आत, तुझे सेल संपणार. शिवाय प्रत्येक वेळी जाग आल्यावरचा खर्च वेगळा.

इथं नवी चिप खरोखर उपयोगाची आहे. आरपी२३५० मध्ये वीज वाटणारा स्वतंत्र भाग आहे. प्रोसेसर, रॅमचे तुकडे, हवं ते बंद करता येतं, आणि चिपची भूक दहा मायक्रोॲम्पिअरच्या आसपास आणता येते. बोर्डावरच्या बाकीच्या भागांचा खर्च त्यात मिळवावा लागतो, तरीही सेल जुन्यापेक्षा बरेच जास्त दिवस पुरतात. झोपेतही चालू राहणारं एक लहान घड्याळ आत आहे. जुन्यात डॉर्मंट झाली की वेळच हरवते. मात्र त्या लहान घड्याळावर तारीख-वेळ सोपवू नकोस, ते मागंपुढं सरकतं. डीएस३२३१ हे अचूक घड्याळाचं मॉड्यूल लाव आणि वेळ त्याच्याकडूनच घे. आणि ही झोप पूर्ण वापरायची तर मायक्रोपायथन सोडून सी एसडीकेमध्ये (कंपनीनं सी भाषेसाठी दिलेल्या साधनांत) लिहायची तयारी ठेव. दोन आठवडे त्रास होईल, पण डिप्लोमाच्या मुलीला सी यायलाच हवं.

मापकाचं यंत्र कुठलं आहे लिहिलं नाहीस, म्हणून सांगते: डोलणाऱ्या वाटीचं कर. वरती १६ सेंटिमीटर व्यासाचं नरसाळं, म्हणजे तोंडाचं क्षेत्रफळ २०१ चौरस सेंटिमीटर. वाटी ४ मिलिलिटरला पालथी झाली की पाऊस पडला ०.२ मिलिमीटर. वाटीला चुंबक, शेजारी रीड स्विच. स्विच पिन आणि ग्राउंडमध्ये, आतला पुल-अप. इथंही तेच: पुल-डाऊनच्या वाटेलाच जाऊ नकोस. दवाखान्यातली सिरिंज आणून ४ मिलिलिटर पाणी थेंबथेंब सोड आणि वाटी किती वेळा बरोबर डोलते ते वीस वेळा मोजून बघ. जोराच्या सरीत वाटी डोलत असतानाही पाणी पडतच असतं, त्यामुळं माप कमी येतं. म्हणून पहिल्या वर्षी शेजारी साधं काचेचं मापकही ठेव आणि रोज सकाळी साडेआठला दोन्ही ताडून बघ. हवामान खात्याची दिवसाच्या पावसाची वेळ तीच आहे.

वडगावच्या मागावर येऊ. तो खडखडाट मी लहानपणापासून ऐकलाय. बेअरिंग जाणार हे मागवाल्याला आधी कानानं कळतं, पण शेडमध्ये आठ माग एकदम चालू असतील तर कान काय करणार? तुझी कल्पना योग्य आहे. मोटरीच्या अंगावर एडीएक्सएल३४५ सारखा हादरे मोजणारा सेन्सर घट्ट बसवायचा, हादऱ्यांची नोंद घ्यायची आणि एफएफटी नावाचं गणित करून कुठल्या वारंवारतेला किती जोर आहे ते बघायचं. सेकंदाला १६०० वेळा मोजलंस आणि १०२४ नमुने घेतलेस तर ०.६४ सेकंदाची नोंद होते, आलेखाची एक पायरी साधारण १.६ हर्ट्झची, आणि ८०० हर्ट्झपर्यंतचं दिसतं. एवढ्या वेगानं वाचायचं तर सेन्सर एसपीआयनं जोड, आय-टू-सी पुरणार नाही. दर आकड्याला चार बाइट धरून तीन अक्षांची नोंद ठेवायला बारा हजारांवर बाइट लागतात, ते दोन्ही चिपांत मावतात.

मग नवी कशाला? एफएफटीत साइन-कोसाइनचे गुणाकार लागतात, दशांशाचे. एम०प्लसमध्ये दशांशाचं गणित करायला यंत्रणाच नाही, प्रत्येक गुणाकार सॉफ्टवेअरनं पूर्णांकांतून घडवावा लागतो. एम३३ मध्ये फ्लोटिंग पॉइंट युनिट आणि सिग्नल प्रोसेसिंगचे खास आदेश आहेत. हे खरं की जुन्यावरही पूर्णांकात, फिक्स्ड पॉइंटनं, एफएफटी बसवता येते. मी स्वतः मुलांकडून प्रयोगशाळेत करून घेतलीय. पण कुठल्या पायरीला आकडा उतू जातो, कुठं भागायचं, यात महिना जातो. तुझा महिना बेअरिंग समजून घेण्यात जायला हवा. म्हणून मागावर नवी घे. प्रोग्राम सीमध्येच लिही, सीएमसिस-डीएसपी लायब्ररी तयार आहे. मायक्रोपायथनमध्ये दशांशाच्या यंत्रणेचा फायदा थोडाच मिळतो, भाषेचाच वेळ जास्त जातो.

एक जपायचं. नव्या चिपमध्ये आर्म कंपनीच्या दोन कॉर्टेक्स प्रोसेसरांखेरीज रिस्क-फाइव्ह या खुल्या जातीचे दोन हॅझार्ड३ प्रोसेसरही आहेत, सुरू होताना कुठले दोन वापरायचे ते निवडता येतं. ल्यूक रेन या अभियंत्यानं ते बनवले आणि त्यांची रचना सगळ्यांना वाचायला खुली ठेवलीय. आपल्या देशात आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे प्रोसेसरही रिस्क-फाइव्हच. पुढं प्रोसेसर आतून कसा असतो ते शिकायचं मनात आलं तर पाच डॉलरच्या बोर्डावर ती दोन जगं शेजारी शेजारी मिळतात, आणि माझ्या मते विद्यार्थ्यासाठी ही नव्या चिपची मोठी देणगी आहे. पण मागाच्या कामाला ते प्रोसेसर निवडू नकोस. त्यांना फ्लोटिंग पॉइंट युनिट नाही. ज्यासाठी नवी घेतलीस तेच जाईल.

मंडपाचं लायटिंग जुन्यावर कर. डब्ल्यूएस२८१२ च्या (प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा ठरवता येणाऱ्या एलईडींच्या) पट्टीत एका दिव्याला साधारण ३० मायक्रोसेकंद लागतात. हजार दिवे एका माळेत ठेवलेस तर ३० मिलिसेकंद. ते आठ माळांत वाटून पिकोच्या आठ स्टेट मशीनना (प्रोसेसरला न अडवता पिना हलवणाऱ्या लहान भागांना) दिलेस तर चार मिलिसेकंदांत काम होतं. नव्यात आठाऐवजी बारा आहेत, पण आठ माळा तरी गल्लीच्या मंडपाला कुठं लागतात? खरी काळजी विजेची. एक दिवा पूर्ण पांढरा लागला की सुमारे ६० मिलिॲम्पिअर, हजार दिवे म्हणजे ६० ॲम्पिअर ५ व्होल्टवर. एवढं बारीक तारेतून जाऊ दिलंस तर मंडपाचं कापड पेटेल. उजेड पाव हिश्श्यावर ठेव, आणि दर दोनशे दिव्यांना जाड तारेनं नवा पुरवठा दे, प्रत्येकाला फ्यूज घालून.

मातीचा ओलावा किंवा बॅटरीचा व्होल्टेज मोजायचा असेल तर जुन्या चिपच्या एडीसीत (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागात) चार ठिकाणी, ५१२, १५३६, २५६० आणि ३५८४ या आकड्यांपाशी, माप अडखळतं. नव्यात ते दुरुस्त झालंय. तुझ्या कामांना सध्या त्याचा फरक पडत नाही, पण आलेखात त्या जागी दात दिसले तर सेन्सरला दोष देऊ नकोस.

पाच व्होल्टचंही सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी टाकीतलं पाणी मोजायला मी अल्ट्रासॉनिक सेन्सर लावला, त्याची एको पिन थेट पिकोला जोडली आणि ती पिन कायमची गेली. चूक माझी होती, पिको ३.३ व्होल्टची आणि सेन्सर ५ व्होल्ट देणारा. आरपी२३५० च्या बहुतेक डिजिटल पिना चिपला वीज चालू असताना ५ व्होल्ट सोसतात, असं कंपनीनं ए४ बरोबर अधिकृत केलंय. पण एडीसीच्या पिना सोसत नाहीत, आणि वीज बंद असताना कुठलीच नाही. आपल्याकडं वीज कधी जाते ते तुला माहीत आहे. तेव्हा नवी असली तरी एक किलोओहम आणि दोन किलोओहमचे दोन रेझिस्टर घालून पाचाचे ३.३ करून घे.

आणि पिको २ मध्ये ओटीपी नावाची मेमरी आहे. तिच्यात शून्याचा एक झालेला बिट परत शून्य होत नाही. सुरक्षित बूटसाठी ती ठेवलीय, कारखान्यात माल बनवणाऱ्यांना ती हवीच होती. तू तिकडं फिरकू नकोस. एक चुकीचा आदेश गेला तर बोर्ड स्वतःचाच प्रोग्राम ओळखणं बंद करेल आणि तो सोडवायला मी तरी येऊ शकणार नाही.

पैशांचं असं कर. दोन साध्या पिको २, डब्ल्यू नको. पिको २ ची जाहीर किंमत ५ डॉलर आहे, जुनीची ४ होती. इथं कर आणि कुरिअर धरून जास्त पडते, तरी दोन घेऊन तुझ्या अडीच हजारांतले निम्म्याहून जास्त उरतील. त्यातून हादऱ्यांचा सेन्सर, घड्याळाचं मॉड्यूल, ऑप्टोकपलर, पाणी न शिरणारी एक पेटी आणि एक बरा मल्टिमीटर. मल्टिमीटर नसेल तर आधी तोच घे, बाकी सगळं नंतर. पावसाच्या मापकातली जुनी पिको मोकळी झाली की ती मंडपाला. तिसरी, जी मागासाठी ठेवली होतीस, ती तुझ्या जुन्या मराठी शाळेत दे. आठवी-नववीच्या पोरांना एलईडी लुकलुकवायला ती खूप झाली. आठवड्यातून एक तास तूच जाऊन शिकव.

पत्राच्या शेवटी तू लिहिलंस की डेटाशीट इंग्रजीत आहे म्हणून वाचायला भीती वाटते. मीही मराठी शाळेतलीच. आरपी२३५० ची डेटाशीट हजार पानांच्या वर आहे, ती कुणीच पहिल्या पानापासून वाचत नाही. तू शेवटून सुरू कर. मागं परिशिष्टात त्रुटींची यादी आहे. प्रत्येक त्रुटीला काय बिघडतं, का बिघडतं आणि काय करायचं, एवढंच लिहिलेलं असतं, वाक्यं आखूड असतात. रोज एक वाच, वहीत मराठीत स्वतःच्या शब्दांत उतरव. ई९ आजच वाच. माझ्या वरच्या लिहिण्यात काही सुटलं असेल तर ते तुला तिथं सापडेल.

नवी पिको आली की आधी ती मागावर लाव, पाऊस जूनपर्यंत थांबेल. कापसाची पिंज आत जाणार नाही अशा डबीत बसव. मामांच्या मोटरीच्या पाटीवर १४४० आरपीएम लिहिलेलं असेल तर सेकंदाला २४ फेऱ्या. चांगल्या, न बिघडलेल्या मोटरीच्या पहिल्या आलेखात २४ हर्ट्झपाशी एक उंचवटा दिसायलाच हवा. तो दिसला नाही तर बेअरिंगचा विचार करू नकोस, सेन्सर सैल बसलाय. स्क्रू आवळ, परत मोज, आणि आलेख मला पाठव.